आमीरचा दम

रविवार, २ ऑक्टोबर २००५

आमचा क्लब खेळात घालायचं आज ठरलं. क्लब म्हणजे बुधवार स्पोर्टिंग. खेळ म्हणजे संगणकावरचा फुटबॉल.

बाजारात असे दोन खेळ मिळतात. एकाकडे परवाना आहे. त्यात क्लबांची नावं खरी, जर्सी खऱ्या, मैदानाभोवतीच्या जाहिरातीसुद्धा खऱ्या. माणसं मात्र रुळावरून सरकल्यासारखी पळतात. दुसरा जपानी. त्याला परवाना मिळालेला नाही. म्हणून नावं फिरवलेली, चिन्हं कुठलीतरी. पण त्यातला चेंडू पायाला लागून निसटतो. चुकीच्या पायावर आलेला माणूस अडखळतो. आम्ही दुसरा खेळतो आणि नावं आमची आम्ही दुरुस्त करतो. जगात ठिकठिकाणी लोक हेच करत बसलेले असतात आणि केलेल्या फाइली एकमेकांना पाठवतात.

पुण्याचा संघ अजून कुणी केलेला नाही.

"आपल्या लीगची परवानगी कोण घेणार?" मी विचारलं.

"आपली लीग अजून चालू आहे, हे तिला कुणी कळवलंय का?" रोहन म्हणाला.

रोहन कॉल सेंटरला आहे. तिकडे त्याचं नाव रॉन. चेहरे करण्याचं काम त्याच्याकडे. आकडे माझ्याकडे. आमीर दोन्हीकडे नाही, कारण तो स्वतःच संघात आहे. डावा विंगर. आम्ही जमतो ते त्याच्या वडिलांच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर. खाली करीमचाचा रेडिओ दुरुस्त करतात. वर आमीर संगणक दुरुस्त करतो.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

ऑफिसमध्ये नवीन मुलीला कामाची पद्धत समजावून सांगितली. मला सुखदेव सरांनी सांगितली होती तीच. टेस्टरने प्रोग्रॅम तपासताना दिसलं तेवढं लिहावं. कारण लिहू नये. कारण शोधणं हे डेव्हलपरचं काम. टेस्टरने कारण लिहिलं की पुढचा माणूस तेच खरं धरून बसतो आणि भलतीकडे जातो.

"म्हणजे कळलं तरी लिहायचं नाही?" तिने विचारलं.

"कळलंय असं वाटलं तरी," मी म्हणालो.

मला हे काम आवडतं. घरी हे कुणाला पटत नाही.

रविवार, ९ ऑक्टोबर

घोरपडीच्या मैदानावर गेलो. सगळ्यांचे आकडे काढले. खेळात प्रत्येकाला शंभराच्या आतले आकडे द्यावे लागतात. वेग, उडी, फटका, असे बरेच. स्टॅमिनाला आम्ही दम म्हणतो.

आमीर: वेग ८८, दम ८४. रोहनच्या मते वेग नव्वदच्या वर हवा. मी म्हणालो, नव्वदच्या वरचे लोक टीव्हीवर दिसतात.

नंतर दुकानात फोटो काढले. नाजिमाने, आमीरच्या बहिणीने, मागे पांढरी चादर धरली. आमीरच्या फोटोत ओठ निळसर आले. दुसरा काढला, तसेच. रोहनने आमीरच्या कॅमेऱ्याला शिव्या घातल्या आणि रंग दुरुस्त केला.

"अजून थोडा गोरा कर," आमीर म्हणाला. "रिश्ते येतायत."

"फाइल पाठवतो मुलीकडच्यांना," रोहन म्हणाला. "दम ८४ बघून खूश होतील."

नाजिमाने चादर तशीच टाकली आणि खाली निघून गेली. आम्ही बराच वेळ हसत होतो.

रविवार, २३ ऑक्टोबर

आमीर रोजे ठेवून खेळतो. आज तासाभरानंतर तो थांबला. चेंडू त्याच्यापासून चार हातांवरून गेला आणि तो नुसता बघत राहिला. सामना संपल्यावर गवतावर बसून राहिला. बूट काढायला वेळ लागला. म्हणाला, घट्ट झालेत.

मी दम कमी करायचा विषय काढला.

"रोज्याचे गुण कापायचे नाहीत," रोहन म्हणाला. "उद्या पेपरात येईल. कर्वेनगरच्या आकडेतज्ज्ञाकडून अल्पसंख्याकांवर अन्याय."

आमीर हसला. खोकला. परत हसला.

ते बरोबर होतं. उपाशीपोटी पाहिलेलं धरता येत नाही. ईदनंतर बघू.

रविवार, ६ नोव्हेंबर

काल ईद झाली. आज दुकानाच्या वरच शीरखुर्मा खाल्ला. संघ पूर्ण झालाय. आमीरने स्वतःला घेऊन रोहनविरुद्ध सामना खेळला. पडद्यावरच्या आमीरने डावीकडून दोघांना मागे टाकलं, तेव्हा खरा आमीर उठून उभा राहिला. डोकं छताला आपटलं.

आवाज ऐकून चाचा वर आले.

"हा मी, अब्बा."

चाचांनी चष्मा पुसून पाहिलं. "हे नाक आपल्या खानदानातलं नाही."

"रोहनने केलंय."

"त्याच्या खानदानातलं असेल." मग माझ्याकडे वळून, "पण याला विचारून केलं का हे सगळं? की घेतला चेहरा आणि चिकटवला?"

"चाचा, तो इथेच बसलाय," मी म्हणालो.

"हां. मग ठीक."

खूप दिवसांनी इतका चांगला रविवार गेला.

रविवार, २० नोव्हेंबर

रोजे संपून दोन आठवडे झाले. आमीर आज पण तासाभरानंतर थांबला. गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. संघातला संभाजी पाठीमागून ओरडत होता, त्याला ऐकू गेलं नसावं. संभाजी मार्केट यार्डात आडत्याकडे असतो. त्याचा आवाज सहसा ऐकू येतो.

संध्याकाळी मी दम ७१ केला.

"राहू दे ना," रोहन म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"आपल्याला."

"आपला मित्र आहे तो."

"म्हणून वाढवायचे? मग त्या परवानावाल्यांत आणि आपल्यात फरक काय?"

आमीर जिना चढून वर आला, मधल्या पायरीवर थोडा थांबून. त्याने पडदा पाहिला. मला वाटलं चिडेल. चिडला नाही. माझ्या शेजारी बसला, श्वास खाली बसू दिला.

"बरोबर लिहिलंयस," म्हणाला. "मलाच जाणवतं. परत वाढतो का हा आकडा?"

"खेळ सुधारला की वाढेल."

"तू वाढवशील?"

"दिसलं तर वाढवीन."

"झालं तर," तो म्हणाला.

गुरुवार, १ डिसेंबर

आमीर सोमवारपासून पहाटे पर्वती चढायला लागलाय. पायऱ्या पळत. मला बरं वाटलं. एका आकड्याने माणूस कामाला लागला. बँकेच्या प्रोग्रॅममध्ये मी इतक्या चुका काढतो, त्याने कुणी कधी पळत सुटलं नव्हतं.

सोमवार, ५ डिसेंबर

ऑफिसमध्ये नाजिमाचा फोन. ऑफिसच्या नंबरवर तिने आजवर कधी केला नव्हता.

"प्रज्ञेशदादा, त्याला पर्वती बंद करायला सांगा ना. तुमचं ऐकतो."

"का?"

"दम लागतो त्याला. झोपताना तीन उशा घेतो. आडवा झाला की खोकतो."

मी तिला समजावलं की व्यायाम सुरू केल्यावर पहिले काही आठवडे असंच होतं. फुप्फुसं उघडतात. मध्ये सोडला तर केलेलं वाया जातं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही बघताच ना त्याला दर रविवारी."

"बघतो ना."

"मग ठीक आहे," म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवार, ११ डिसेंबर

पहिला अर्धा भाग आमीर असा खेळला की लोक रेषेपर्यंत आले. दोन पास, एक गोल. मी मनात ७५ धरला होता. दुसऱ्या भागात दहा मिनिटांत सगळं गेलं. हात वर करून त्याने स्वतःच बदली मागितली. त्याला तसं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

६३ लिहायला मला वेळ लागला. पण लिहिलं.

"साल्या, तू माझा मित्र की इन्कम टॅक्सवाला?" आमीर म्हणाला.

"पुढच्या रविवारी वाढव. तुझ्या हातात आहे."

"पायात," तो म्हणाला. त्याने पाय पुढे करून दाखवले. मोज्याची खूण घोट्यात खोल गेली होती. बोट लावलं की तिथे खळगा राहत होता. आम्ही तिघांनी बोट लावून पाहिलं.

"पाव झालाय पाव," रोहन म्हणाला. "चहात बुडवायला हरकत नाही."

शनिवार, २४ डिसेंबर

सुट्टी होती म्हणून आमीरबरोबर पर्वतीला गेलो. त्याने घड्याळ माझ्याकडे दिलं आणि मला खाली उभं केलं. जाऊन आला. खाली आल्यावर कठड्याला धरून उभा राहिला. बोलता येत नव्हतं. खुणेने विचारलं, किती?

सांगितलं. आदल्या दिवसापेक्षा कमी वेळ लागला होता, असं त्याने खुणेनेच कळवलं. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. थंडी होती. मी माझा स्वेटर दिला, त्याने घेतला नाही.

मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "सत्तर?"

"मैदानावर बघू."

"हरामखोर," तो म्हणाला. आम्ही जवळच पोहे खाल्ले. त्याने अर्धे ठेवले.

सोमवार, २ जानेवारी २००६

काल लीगचा सामना नव्हता. फाइल तयार आहे. एकदा आमीरचा आकडा नक्की झाला की सगळ्या जगासाठी सोडू. पोलंडमधल्या एकाने विचारलंय, पुणे कुठे आहे.

मंगळवार, ३ जानेवारी

आमीर गेला. आज सकाळी. पर्वतीवर.

गुरुवार, ५ जानेवारी

लिहून ठेवतो.

फिरायला आलेल्या लोकांनी त्याला खाली आणलं आणि रिक्षातून दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा चाचा बाकावर बसले होते. त्यांच्या हातात त्याचा एक बूट होता. दुसरा कुठे राहिला, माहीत नाही.

शवविच्छेदन झालं. हृदयाची झडप. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? चाचा म्हणाले, आला होता, सातवीत, पण बरा झाला. डॉक्टर म्हणाले, ताप बरा होतो. झडप राहते तशीच.

"दम लागत असणार याला. कधीपासून लागत होता?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "याला माहीत असेल. हा बघायचा."

मी सांगितलं. ऑक्टोबरच्या चौथ्या रविवारी पहिल्यांदा. नोव्हेंबरात वाढला. घोट्यांना सूज डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून. झोपताना उशा. ओठांचा रंग. मी तारखांसकट सांगितलं. सांगत असताना मला ऐकू येत होतं मी काय सांगतोय ते.

डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे. त्यांनी लिहिणं थांबवलं.

"इतकं नीट पाहिलं होतं तुम्ही," ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता.

त्याच संध्याकाळी जनाज्याला खांदा दिला. खांदा सारखा बदलत होता. माझा खांदा सुटला की मी पुढे जाऊन परत देत होतो. शेवटी कुणीतरी म्हणालं, आता इतरांना द्या. कब्रस्तानात नमाजाच्या वेळी कुठे उभं राहायचं ते मला आणि रोहनला कळलं नाही. आम्ही चपलांपाशी थांबलो. माती टाकताना संभाजीने माझा हात धरून पुढे नेलं. तीन मुठी टाकायच्या असतात.

सोमवार, ९ जानेवारी

कामावर गेलो. एक चूक सापडली. तिच्याखाली मी कारणही लिहिलं. मला स्पष्ट दिसत होतं. सुखदेव सरांनी परत पाठवलं, नेहमीच्या शेऱ्यासह. मी कारण काढलं नाही. पुन्हा पाठवलं. सर टेबलापाशी आले. माझ्याकडे पाहिलं आणि परत गेले.

नाजिमाच्या फोनबद्दल मी कुणाला सांगितलेलं नाही. तिनेही घरी सांगितलं नसावं. चाचा माझ्याशी आधीसारखेच वागतात. ती दारात आली की आत वळते.

रविवार, १५ जानेवारी

रोहन आणि मी बोलता बोलता भांडलो.

त्याचं म्हणणं, आमीरचे सगळे आकडे ९९ करायचे आणि फाइल सोडायची. बुधवार स्पोर्टिंगचा डावा विंगर. पोलंडमधली पोरं त्याला घेऊन खेळतील. कुणाला अडवता येणार नाही तो.

"तो तसा नव्हता," मी म्हणालो.

"नव्हता. आता असू दे."

"मग तो आमीर नाही. नुसतं नाव आहे."

"आणि ६३ म्हणजे आमीर?" रोहनचा आवाज चढला. "ते ६३ म्हणजे त्याचा आजार होता रे. तू आजार लिहीत होतास. मी चेहऱ्यावरचा निळा पुसत होतो. आपण दोघांनी मिळून एक नंबर काम केलं. हुबेहूब."

मी ८४ वर नेऊन ठेवावा का? ८४ मी पाहिला होता. पण ८४ च्या दिवशीसुद्धा ओठ तसेच होते.

पुसून टाकायला हात होत नाही. ठेवायलाही होत नाही.

जाताना रोहन म्हणाला, "परवाना नाही, परवाना नाही, म्हणून दोन वर्षं मिरवलं आपण. आता घ्यायला लागेल. आहे तिकडे एक माणूस, खाली दुकानात."

बुधवार, १८ जानेवारी

दुकानापर्यंत गेलो. चाचा रेडिओचं मागचं झाकण काढून बसले होते. वर पाहून म्हणाले, "ये." मी म्हणालो, सहज आलो होतो. परत आलो.

शनिवार, २१ जानेवारी

रोहनने परस्पर चाचांना सांगितलं. चाचांनी एवढंच विचारलं, त्यात तो पळतो का? रोहन म्हणाला, पळतो. उद्या दुपारी दुकान बंद असतं. उद्या बोलावलंय.

रविवार, २२ जानेवारी

चाचा जिना चढून वर आले. नाजिमा मागोमाग चहा घेऊन आली. तिने तीन कप ठेवले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. तिथून पडदा दिसतो.

मी आकडे बदलले नव्हते. ते चाचांना आधी सांगायचं ठरवून आलो होतो. सांगितलं नाही.

मी बुधवार स्पोर्टिंग घेतलं, रोहनने समोरचा संघ. चाचा स्टुलावर, पडद्याच्या अगदी जवळ बसले.

"कोणता?"

"डावीकडचा. अकरा नंबर."

"पाठमोरा ओळखू येतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "खांदा असाच टाकायचा तो."

मी शक्य तितके चेंडू डावीकडे दिले. त्याने एकाला मागे टाकलं, मग दुसऱ्याला. रेषेपासून चेंडू आत मारला. गोल झाला नाही. चाचांनी मांडीवर हळूच थाप मारली. नाजिमा उठून भिंतीपाशी येऊन उभी राहिली. रोहन मुद्दाम अडवत नव्हता. मला ते कळत होतं.

दुसरा भाग सुरू झाला. मी चेंडू उजवीकडे द्यायला लागलो. पण खेळ संगणकाचा आहे, बाकीचे दहा जण त्यांचे ते पळतात, चेंडू फिरून डावीकडे आला. आमीर त्याच्याकडे चालत गेला. चेंडू बाहेर गेला. कमरेवर हात ठेवून तो उभा राहिला.

"थांबला का?" चाचांनी विचारलं.

"दम संपतो त्याचा, चाचा. तासाभरानंतर."

"हे तू घातलंयस?"

"हो. होता तेवढाच घातलाय."

रोहनने हातातला कंट्रोलर खाली ठेवला. पडद्यावर खेळ चालूच होता. चेंडू पुन्हा त्याच्याकडे आला, त्याने दोन पावलं टाकली आणि राहिला. दुसऱ्या संघाचा माणूस त्याच्या बाजूने निघून गेला.

चाचा बघत होते. रागावले नव्हते. एखादा बिघडलेला रेडिओ ऐकताना मान कलती करतात, तशी त्यांनी केली होती.

"दिसतंय ना तो दमलाय," ते म्हणाले. "मग खेळवतोस कशाला?"

मी चेंडू परत उजवीकडे दिला.

"बाहेर घे त्याला, बेटा."

नाजिमाने भिंतीकडे तोंड केलं.

मी खेळ थांबवला. बदली खेळाडूंची यादी काढली. दोनदा चुकीच्या नावावर गेलो. आमीरच्या जागी संभाजीला घातलं. संभाजी तिथे कधी खेळत नाही. खेळ पुन्हा सुरू केला. अकरा नंबर मैदानाच्या कडेने चालत निघाला. मान खाली होती. संभाजीने त्याच्या हातावर हात मारला. तो रेषेबाहेर गेला आणि पडद्यावरून दिसेनासा झाला.

चाचा पडद्याच्या त्या कडेकडे पाहत राहिले. त्यांनी थोडं वाकून, जणू चौकटीच्या पलीकडे दिसेल, असं पाहिलं.

"आता कुठंय?"

या खेळात बाक नाही. बदललेला खेळाडू बाहेर गेला की कुठेच नसतो.

"बाकावर, चाचा," मी म्हणालो. "बसलाय. पाणी पितोय."

"बसू दे," चाचा म्हणाले.